प्रति: जुना फ्लॅट घ्या, चकाचक करा, विका

वर एकांनी लिहिलंय की साठ लाखांचा जुना फ्लॅट घ्यायचा, रंग आणि मॉड्युलर किचन करायचं, सहा महिन्यांत सत्तरला विकायचा. दहा लाख सुटले. पुण्याचंच गणित मांडतो. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का वाचतो. दोन्हीकडची दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, कर्जाचं व्याज आणि रिकाम्या घराचा मेंटेनन्स वेगळा. शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलंत तर नफा अल्पमुदतीचा, तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. त्यानंतर १२.५ टक्के. कॉन्ट्रॅक्टरला रोख देऊन बिल घेतलं नाही, तर तो खर्च नफ्यातून वजा करून मागणार कसा?

किचनवर पैसे ओतू नका. घेणारा बहुतेकदा ते आपल्या आवडीनं बदलतोच. आधी बाथरूम बघा. जुन्या इमारतींत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले असतात, टाइल्स फोडल्याच आहेत तर तेही बदला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान २४ तास पाणी तुंबवून खालच्या घराचं छत तपासा. खालचे काका कुरकुरतील, पण टाइल्स बसल्यावर गळती निघाली तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे ऐकावं लागतं त्यापुढे ते काहीच नाही.

आणि भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसलेल्या इमारतीत हात घालूच नका. पुढच्या गिऱ्हाइकाचं कर्ज तिथेच अडतं.