यूके : पहिलं रिव्हॅलिडेशन, ३५ तासांतले २० 'पार्टिसिपेटरी' कुठून आणू?

सांगलीची_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी यॉर्कशरमधल्या एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला आहे, बँड ५ (नर्सची सुरुवातीची पगारश्रेणी). पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर, मिळून तीन वर्षं होत आली. ३० नोव्हेंबरला रजिस्ट्रेशन संपतंय, म्हणजे पहिलंच रिव्हॅलिडेशन : रजिस्ट्रेशन टिकवायला दर तीन वर्षांनी एनएमसीला द्यायचा कामाचा आणि शिकण्याचा हिशेब. (एनएमसी म्हणजे इथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, आपल्याकडची डॉक्टरांची नव्हे.) तीन वर्षांत ४५० तास काम लागतं, ते माझे पहिल्या हिवाळ्यातच झाले. गाडी अडलीय सीपीडीवर, म्हणजे नोकरी करता करता शिकण्याच्या ३५ तासांवर. त्यातले २० पार्टिसिपेटरी, म्हणजे इतरांबरोबर मिळून केलेले हवेत. मोठ्या हौसेनं ३७ तासांची यादी करून मॅनेजरकडे नेली. बाईंनी हिरवं पेन काढलं आणि फायर ट्रेनिंग, हेल्थ अँड सेफ्टी वगैरे ११ तास सटासट खोडले. उरले २६, त्यात पार्टिसिपेटरी फक्त ८. बाकी सगळं पोराला झोपवून लॅपटॉपवर केलेलं. 'सगळे तास एका वीकेंडला' अशी एक जाहिरात सारखी दिसतेय. पैसे भरू का?

रात्रपाळी
ताई, एक पेनीसुद्धा भरू नका. मॅनेजरबाईंनी खोडलं ते बरोबरच आहे. मँडेटरी ट्रेनिंग तुमच्या प्रत्यक्ष कामाशी जोडलेलं नसेल तर धरत नाहीत, आणि फायरचं उदाहरण तर एनएमसीनं स्वतःच दिलंय. पण पार्टिसिपेटरी म्हणजे कॉन्फरन्सच असं कुणी सांगितलं? दुसऱ्या एखाद्या व्यावसायिकाशी बोलणं, देवाणघेवाण झाली पाहिजे, एवढंच. समोरासमोर नसलं तरी चालतं आणि समोरचा नर्सच हवा असंही नाही. फार्मासिस्टनं वॉर्डवर इन्सुलिनचं सेशन घेतलं आणि तुम्ही प्रश्न विचारलेत, झालं. वेबिनारमध्ये नुसतं ऐकत बसलात तर नाही. चर्चेत भाग घेतलात तर हो.
पिन मिळाल्यावर प्रिसेप्टरशिप (नव्या नर्सला अनुभवी नर्सच्या आधारानं शिकण्याचा काळ) झाली असेल ना? त्याचे ग्रुप सेशन धरलेत का? बहुतेक जण तेच विसरतात.

लेस्टरकर
तासांचं होईल. आधी तारीख बघ. ३० नोव्हेंबर डोक्यातून काढून टाक. रजिस्ट्रेशन ज्या महिन्यात संपतं त्या महिन्याची १ तारीख ही अर्जाची शेवटची, म्हणजे तुझी १ नोव्हेंबर. त्याच्या ६० दिवस आधी ऑनलाइन अर्ज उघडतो. रजिस्ट्रेशन लॅप्स झालं तर परत नाव चढेपर्यंत नर्स म्हणून कामाला उभं राहता येत नाही. आमच्या ओळखीतली एक जण महिनाअखेर धरून बसली होती, नंतरची धावपळ विचारू नकोस. आणि रिव्हॅलिडेशन तीन वर्षांनी असलं तरी फी दरवर्षीची. तीही अर्जाबरोबर भरायचीय.

भाजीपोळी
मूव्हिंग अँड हँडलिंगही खोडलंय का? मग भांडा. तुम्ही वॉर्डला आहात, पेशंट उचलणं-वळवणं हेच काम. ऑफिसातल्या माणसाला ते लागू नाही, तुम्हाला आहे.

रात्रपाळी
+१. पण नोंदीत 'वॉर्डवर याचा उपयोग असा होतो' हे लिहिलेलं हवं. तारीख, तास, विषय आणि कोडच्या (एनएमसीच्या आचारसंहितेच्या) कुठल्या भागाशी संबंध, हे सगळं लागतं. सर्टिफिकेट नुसतं डकवून भागत नाही.

पुण्यातून_वाचतेय
मध्येच घुसते, माफ करा. आमच्याकडे पाच वर्षांत १५० तास सीएनई (तुमच्या सीपीडीसारखंच नर्सचं शिक्षण) म्हटल्यावर ३५ ऐकून हेवा वाटला.

लेस्टरकर
@पुण्यातून_वाचतेय, तास कमी, लिखाण जास्त 🙂 पाच फीडबॅक, पाच रिफ्लेक्शन (अनुभवातून काय शिकलो त्याची टिपणं). शिवाय दुसऱ्या रजिस्टर्ड नर्सबरोबर चर्चा, आणि वर सगळं तपासणाऱ्या कन्फर्मरची सही.

सांगलीची_सिस्टर
त्या रिफ्लेक्शनचंच दुसरं दुखणं. दोन लिहिलीत, दोन्ही शाळेतल्या निबंधासारखी झालीत.

रात्रपाळी
मोठा प्रसंग शोधूच नका. माझं पहिलं सांगते. एक आजोबा दर राउंडला म्हणायचे, 'आय ॲम ऑलराइट, लव्ह.' मी चार्टवर 'वेदना नाही' लिहून पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी सोबतच्या एचसीएनं (नर्सच्या मदतनिसानं) दाखवलं, बोलताना त्यांची मूठ चादरीत आवळलेली असायची. इथली म्हातारी माणसं 'ऑलराइट' म्हणतात ते आपल्याकडच्या आजींच्या 'काही नाही गं, चाललंय' सारखं! तेव्हापासून मी 'दुखतंय का' विचारत नाही, 'कूस बदलताना कसं वाटतं' विचारते. काय घडलं, काय शिकले, काय बदललं, कोडशी संबंध काय, एवढंच फॉर्मवर. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा. निबंधीपणा आपोआप गळतो.
पेशंटचं नाव, बेड नंबर, काही येऊ देऊ नका. ओळख पटेल असं काहीही नको.

भाजीपोळी
फीडबॅक तोंडी पण चालतो हं. एचसीए काय म्हणाली ते लिहून ठेवा, एक झाला. आणि मॅनेजर स्वतः नर्स असतील तर चर्चा आणि कन्फर्मेशन एकाच बैठकीत उरकतं. त्यांच्या रजा आत्ताच विचारून ठेवा, ऑक्टोबरच्या हाफ टर्मला (शाळांच्या सुट्टीत) कुणी सापडत नाही.

सांगलीची_सिस्टर
अपडेट. जुन्या डायरीत प्रिसेप्टरशिपचे ग्रुप सेशन सापडले, ६ तास. टिश्यू व्हायबिलिटीच्या (जखमा, बेडसोअर बघणाऱ्या) सिस्टरना कॉरिडॉरमध्येच गाठलं. त्या म्हणाल्या, गुरुवारी माझ्याबरोबर फिर, ४ तास. म्हणजे १०. उरलेल्या २ साठी फार्मासिस्टला मेसेज टाकलाय, अजून निळी टिक नाही. मूव्हिंग अँड हँडलिंगवर मॅनेजरबाई 'लिहून आण, बघते' म्हणाल्या. मीटिंग १४ ऑक्टोबर, दुपारी २. हिरवं पेन असणारच.