मुलीची ह्यूस्टनमध्ये पहिली कॉर्पोरेट नोकरी आहे, ब्रेड्स करून जाऊ दे की केस सरळ करून?

टेक्सासची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे पण सगळं सांगितलं तरच नीट सल्ला मिळेल म्हणून लिहिते. माझे मिस्टर ब्लॅक अमेरिकन, मूळचे लुइझियानाचे, आणि मुलीचे केस अगदी त्यांच्या घराण्यातले, दाट आणि बारीक घट्ट कुरळे, इथे फोर-सी म्हणतात तसे. आता कॉलेज संपलं आणि ह्यूस्टनमध्येच एका एनर्जी कंपनीच्या फायनान्स डिपार्टमेंटला तिला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. इंटरव्ह्यूला ती सिल्क प्रेस (इस्त्रीने केस तात्पुरते सरळ) करून गेली होती म्हणजे त्या लोकांनी तिला सरळ केसांतच बघितलंय.

तिला आता नॉटलेस ब्रेड्स (मुळाशी गाठ नसलेल्या बारीक वेण्या) करायच्यात कारण रोज सकाळी उठून केसांशी झटापट करायला वेळ नाही आणि इथल्या दमट हवेत सिल्क प्रेस दुपारपर्यंत सुद्धा टिकत नाही. पण तिची आत्या म्हणतेय की पहिले तीन महिने सरळच ठेव, लोकांना तुझं काम दिसू दे, मग काय हवं ते कर. आत्याने स्वतः कितीतरी वर्षं बँकेत काढली आहेत, तिने जे भोगलंय त्यातून ती बोलतेय, त्यामुळे तिचं म्हणणं मला सहज बाजूला टाकता येत नाही. आणि मुलगी म्हणते आत्याचा जमाना वेगळा होता.

मला स्वतःला या केसांतलं लहानपणी घालायच्या साध्या वेण्यांपलीकडे फारसं कळत नाही, ते सगळं तिची आजी आणि आत्याच बघायच्या. तर विचारायचं असं की ऑफिसला शोभेल अशी प्रोटेक्टिव्ह स्टाइल (केस गुंफून जपणारी) कुठली, किती लांब, किती जाड, कधी करून घ्यायची, आणि कोणी काही बोललंच तर कायद्याने काही आधार आहे का?

---

सुईदोरा

ताई, माझ्या दोन्ही मुलींचे केस फोर-सी आहेत (नवरा नायजेरियन) आणि मोठी आता कन्सल्टिंगमध्ये आहे, म्हणून जे पाहिलंय ते लिहिते.

नॉटलेसच करा. साध्या बॉक्स ब्रेड्समध्ये मुळाशीच एक्स्टेंशनची (वरून जोडलेल्या केसांची) गाठ बसते आणि पहिल्या दिवसापासून सगळा भार टाळूवर येतो. नॉटलेसमध्ये सुरुवात स्वतःच्या केसांनी होते आणि एक्स्टेंशन थोडं थोडं करत आत घालत जातात, त्यामुळे मुळं सपाट राहतात, ओढ कमी बसते आणि लगेच बन सुद्धा बांधता येतो. वेळ जास्त लागतो, मीडियम जाडी आणि खांद्याच्या थोडं खाली एवढी लांबी धरली तरी पाच-सहा तास बसायची तयारी ठेवा. पैसेही जास्त, दोनशे डॉलर आणि त्याच्या वर धरून चला, कमरेपर्यंत लांबी मागितली की अजून वाढतात.

लांबीबद्दल माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या नोकरीला खांदा ते पाठीचा मध्य यापेक्षा जास्त नको. लोक काय म्हणतील म्हणून नाही, वजनामुळे! आठ-नऊ तास स्क्रीनसमोर बसून मान आणि कपाळाजवळची मुळं दोन्ही दुखतात. रंग वन-बी म्हणजे नैसर्गिक काळा घेतला की मुळाशी वाढलेले केस लवकर दिसून येत नाहीत आणि स्टाइल दोन आठवडे जास्त नीटनेटकी वाटते.

अपॉइंटमेंट जॉइनिंगच्या पाच-सात दिवस आधीची घ्या, आदल्या दिवशीची नको. पहिले दोन दिवस टाळू जरा ताठ असते, ब्रेड्स अजून नीट पडत नाहीत, आणि काही जणींना सिंथेटिक केसांवरच्या कोटिंगमुळे खाज सुटते. त्यासाठी पॅकेटमधले केस आधी ॲपल सायडर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून, धुवून, वाळवून मगच न्यायचे. हे मी आता हट्टाने करायला लावते. शिवाय २०२५ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने सिंथेटिक ब्रेडिंग हेअरची दहा प्रॉडक्ट्स तपासली होती त्यात नऊमध्ये शिसं सापडलं. धुतल्याने शिसं जाईल असं मी म्हणत नाही, खाज कमी होते एवढं नक्की. शक्य असेल आणि परवडत असेल तर माणसाच्या केसांचं किंवा झाडाच्या तंतूंचं एक्स्टेंशन मिळतं तेही विचारून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. करताना दुखलं तर बोलायचं. "ब्युटी इज पेन" वगैरे ऐकून गप्प बसायचं नाही. कपाळाच्या कडेला बारीक पांढरे फोड आले किंवा भुवया उंचावताना ओढ बसली तर त्या ब्रेड्स जास्तच घट्ट झाल्यात, त्या तेवढ्या सोडवून घ्यायच्या. कडेचे बारीक केस तर ब्रेडमध्ये घ्यायचेच नाहीत. ट्रॅक्शन ॲलोपेशिया (सतत ओढ बसून केस गळणं) असाच सुरू होतो, लवकर लक्षात आलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळंच मरतात आणि मग केस परत येत नाहीत. माझ्या धाकटीच्या एका मैत्रिणीची कानशिलं विशीतच मोकळी झाली आहेत, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

---

कोर्टकचेरी

कायद्याचं मी सांगतो, एम्प्लॉयमेंट लॉमध्येच काम करतो.

टेक्सासमध्ये क्राउन ॲक्ट १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. केसांचा पोत आणि वंशाशी जोडलेल्या प्रोटेक्टिव्ह स्टाइल्स, म्हणजे ब्रेड्स, लॉक्स (कायमच्या गुंफलेल्या जटांसारख्या बटा), ट्विस्ट्स (पिळलेल्या बटा), यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. हा कायदा सर्वात आधी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला आणि मग एकेक करत बरीच राज्यं आली. देशपातळीवर मात्र अजून नाही, २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या हाउसमध्ये पास झाला आणि सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) अडकला. त्यामुळे उद्या मुलीची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर तिथलं वेगळं बघावं लागेल.

आत्याबाईंची भीती खोटी नाही हे मुलीलाही कळायला हवं म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. १९८१ मध्ये रेने रॉजर्स नावाची अमेरिकन एअरलाइन्सची कर्मचारी कॉर्नरोज (टाळूला चिकटून रांगेत घातलेल्या वेण्या) घालायची परवानगी मिळावी म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेली आणि हरली. कोर्टाचा तर्क असा की वेणी ही जन्मजात गोष्ट नाही, ती हवी तेव्हा सोडता येते. हाच तर्क पुढे कितीतरी वर्षं वापरला गेला. अलाबामातल्या मोबील शहरात २०१० मध्ये चॅस्टिटी जोन्सला कॉल सेंटरची नोकरी देऊ केली होती, लॉक्स कापायला तिने नकार दिला म्हणून ती काढून घेतली. तिच्या बाजूने ईईओसी, म्हणजे नोकरीतला भेदभाव रोखणारी सरकारी संस्था, स्वतः लढली, तरी २०१६ मध्ये अपील कोर्टात हरली. म्हणजे आत्याबाई बँकेत होत्या त्या सगळ्या काळात त्यांच्या पाठीशी खरंच कायदा नव्हता. तेव्हा केस सरळ ठेवणं हा नोकरी टिकवायचा मार्ग होता.

आता प्रॅक्टिकल भाग. कोणाचीही परवानगी मागायची नाही, एचआरला आधी ईमेल करून "ब्रेड्स चालतील का" असं विचारायचं नाही. विचारलं की उत्तर द्यायचा हक्क त्यांच्याकडे आहे असं आपणच मान्य करतो. एम्प्लॉयी हँडबुकमधला ग्रूमिंगचा भाग मात्र वाचून ठेवायचा. आणि कोणी काही बोललं तर तारीख, शब्द, कोणासमोर बोलले हे त्याच दिवशी घरच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये लिहायचं, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही.

---

ऑडिटवाली

मी स्वतः ब्लॅक आहे, आई नाशिकची, बाबा ह्यूस्टनचे, आणि ऑडिटमध्ये काम करते म्हणजे जवळपास दर आठवड्याला नवीन क्लायंट आणि नवीन नजरा. म्हणून मला राहवलं नाही.

मावशी, प्रश्न "ऑफिसला शोभेल अशी कुठली" असा विचारला की आपण नकळत सरळ केसांना प्रमाण मानून बाकी सगळं त्याच्या किती जवळ जातंय ते मोजायला लागतो. माझं म्हणणं असं की आधी तिचा आठवडा बघा. सकाळी व्यायाम करते का, पोहते का, किती वेळा धुणं जमेल, शनिवारी दोन तास केसांना देऊ शकते का. त्यातून स्टाइल ठरते.

वेळ आणि टाळू दोन्ही सांभाळायचं असेल तर नॉटलेस किंवा सेनेगलीज ट्विस्ट्स (एक्स्टेंशन घालून पिळलेल्या बटा). एक्स्टेंशन अजिबात नको असेल तर स्वतःच्याच केसांचे टू-स्ट्रँड ट्विस्ट्स (दोन बटा एकमेकींभोवती पिळून), ते मागे वळवून खाली पिन केले की फार सुरेख दिसतात आणि टाळूला सगळ्यात हलके, फक्त एक-दोन आठवड्यांनी परत घालावे लागतात. विग हा काही जणींना सोपा वाटतो आणि आतले कॉर्नरोज सैल असतील तर ठीकच आहे, पण विगची पुढची जाळी (लेस) रोज ग्लूने चिकटवणं कपाळाच्या कडेला वाईट, ग्लूलेस घ्यावा आणि घरी आल्या आल्या काढून टाळूला हवा द्यावी. लॉक्स ही वर्षांची कमिटमेंट आहे, घाईत ठरवायची गोष्ट नाही. सिल्क प्रेस मुळात प्रोटेक्टिव्ह नाहीच, आमच्या दमट हवेत तो टिकवायचा म्हणजे परत परत इस्त्री, आणि तेवढ्या उष्णतेने कुरळेपणा कायमचा जाऊ शकतो. रिलॅक्सरचं (केमिकलने केस सरळ करायच्या क्रीमचं) तर नावही नको. २०२२ मध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तेहतीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात केस सरळ करायची केमिकल्स वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, सत्तराव्या वर्षापर्यंत अंदाजे ४ टक्के, आणि न वापरणाऱ्यांमध्ये १.६. कोणाच्या नजरेसाठी एवढी किंमत द्यायची?

नजरा आहेत, हे मी नाकारत नाही. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की नैसर्गिक केस असलेल्या ब्लॅक उमेदवारांना लोकांनी कमी प्रोफेशनल ठरवलं, आणि तो फरक कन्सल्टिंगसारख्या क्षेत्रात दिसला पण जाहिरातीच्या क्षेत्रात नाही. एनर्जी फायनान्स हे जुन्या वळणाचंच क्षेत्र. पण दुसरी बाजू पण बघा ना, अर्सुला बर्न्स २००९ मध्ये झेरॉक्सची सीईओ झाली तीही आखूड नैसर्गिक केसांसकट, आणि केतनजी ब्राउन जॅक्सन २०२२ पासून सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून सिस्टरलॉक्स (अगदी बारीक लॉक्स) घालून बसतेय. त्या खुर्चीपेक्षा जुन्या वळणाची जागा कुठली असणार.

तीन महिने थांबायच्या सल्ल्याबद्दल: मला ते उलट अवघड वाटतं. सरळ केसांत तीन महिने काढून मग ब्रेड्स घातल्या की ती ऑफिसभर चर्चेची गोष्ट होते, "अरे किती बदललीस" वगैरे. पहिल्या दिवशीच ब्रेड्समध्ये गेलं तर लोकांना तीच ओळख होते. इंटरव्ह्यूला बघितलेले चार-पाच लोक तेवढे "नवीन हेअरस्टाइल!" म्हणतील, त्यांना "हो, थँक्स" म्हणायचं आणि कामाचं बोलायचं. केसांना हात लावू का विचारलं तर हसून "नको" म्हणायचं, एका पावलाने मागे सरकायचं, कारण द्यायचं नाही. हे घरी बोलून सराव करून ठेवा, कारण पहिल्यांदा कोणी हात पुढे केला की जीभ अडकते.

---

टेक्सासची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंय, खरंच मनापासून आभार. कोर्टकचेरी, तुमची पोस्ट मी इंग्रजीत करून आत्याला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की तिच्या ब्रँचमध्ये एका मुलीला वेण्यांवरून घरी पाठवलेलं तिने पाहिलंय. आता ती म्हणते की ब्रेडरकडे ती स्वतः मुलीबरोबर जाऊन बसणार, घट्ट झाल्या की तिथल्या तिथे सांगायला.

अजून दोन प्रश्न. मुलीला महिन्यातून एकदा वगैरे प्लँटवर जावं लागेल आणि तिथे हार्ड हॅट (सुरक्षेचं कडक हेल्मेट) सक्तीची आहे, ब्रेड्सवर ती बसेल का? आणि माझ्याकडून रोज खोबरेल तेल लावून देऊ का? माझ्या हातात तेवढंच आहे.

---

सुईदोरा

हार्ड हॅटसाठी म्हणूनच जाडी मीडियम किंवा त्याहून बारीक ठेवा, जंबो नको, जाड ब्रेड्सवर हॅट तरंगते आणि मग तिचा उपयोग नाही. प्लँटवर जायच्या दिवशी बन डोक्यावर नाही, मानेपाशी अगदी खाली, हॅटच्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला. मोकळ्या ब्रेड्स यंत्रांजवळ चालत नाहीत, आणि सिंथेटिक केस उष्णतेने वितळतात, म्हणून पहिल्या भेटीआधी तिथल्या सेफ्टीवाल्याला नियम विचारून घ्यायला सांगा. हे विचारण्यात काही कमीपणा नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, दिसण्याचा नाही.

रोज खोबरेल नको ताई. आपल्याकडे तेल म्हणजे माया हे मला समजतं, पण ब्रेड्सच्या खाली टाळूवर ते साचतं, धूळ आणि कोंडा धरून ठेवतं आणि पार्टिंगच्या (भांगाच्या) रेषा पांढुरक्या दिसायला लागतात. आठवड्यातून एकदा दोन-चार थेंब हलकं तेल, जोजोबासारखं, तेही कोरडं वाटलं तरच. दर दोन आठवड्यांनी नोझलच्या बाटलीत शाम्पू पातळ करून फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी, आणि मग पूर्ण वाळवायचं, ओल्या ब्रेड्स बांधून झोपलं की कुबट वास येतो. रात्री सॅटिनची बॉनेट (झोपताना घालायची टोपी). सकाळी थोडा मूस (केसांचा फेस) लावून दहा-पंधरा मिनिटं स्कार्फ घट्ट बांधून ठेवला की उडालेले केस बसतात, तेवढ्या वेळात चहा होतो.

सहा ते आठ आठवड्यांत काढायच्याच, कितीही छान दिसत असल्या तरी. काढताना केसांचा केवढा तरी पुंजका हातात येईल, घाबरू नका. रोज गळणारे केस तितके दिवस आतच अडकून असतात, ते सगळे एकदम निघतात. फक्त पाणी लावायच्या आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने पूर्ण गुंता सोडवा, नाहीतर भिजल्यावर त्याचा नमदा होतो आणि कात्रीच लागते. ते काम वेळखाऊ आहे, दोन जणी लागतात, तुमच्या हातांची गरज तिथे खरी पडेल.

---

ऑडिटवाली

एक राहिलं. ब्रेडर शोधताना इन्स्टाग्रामवरचे ताजे फोटो बघू नका, चार-पाच आठवड्यांनंतरचे फोटो आहेत का विचारा आणि कपाळाची कड झूम करून बघा. केस धुवून, ब्लो ड्राय करून, तेल न लावता या असं बहुतेक जणी सांगतात, ते आधी कन्फर्म करा, आणि एक्स्टेंशनचे केस किमतीत धरलेत की आपण आणायचे तेही. ह्यूस्टनमध्ये चांगल्या जणींच्या तारखा लवकर भरतात, पुढच्या महिन्यात जॉइन करतेय ना, तर डिपॉझिट याच आठवड्यात भरून टाका.