इंग्लंडमधल्या खेड्यातला पाद्री: जमीनदारांच्या बरोबरीचा की त्यांचा मिंधा?

वाचनखोर:
सध्या अठराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल वाचतोय आणि माझं मत असं झालंय की तिथला खेड्यातला पाद्री (चर्च ऑफ इंग्लंडचाच, बाकी पंथांचं वेगळं) जमीनदारांच्या पंगतीला बसायचा खरा, पण ते पान कुणी मांडलंय हे विसरायची त्याला सोय नव्हती. किती तरी गावांत पाद्री नेमायचा हक्कच जमीनदाराकडे, आणि तो हक्क म्हणजे चक्क मालमत्ता, विकता यायचा, वारशाने जायचा. कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या पाद्री वडिलांचंच बघा, स्टीव्हन्टनचं चर्च मिळालं थॉमस नाइट या श्रीमंत नातेवाइकामुळे आणि शेजारच्या डीन गावचा हक्क काकांनी पैसे मोजून घेतलेला. असा माणूस जमीनदाराला तोंडावर काय बोलणार, डोंबल?

कडू_कारलं:
साफ असहमत. नेमेपर्यंत मिंधा, मान्य, पण एकदा रेक्टर (गावच्या चर्चचा मुख्य पाद्री) झाला की तहहयात, जमीनदार कितीही चिडला तरी सहजासहजी काढू शकत नव्हता. शिक्षण ऑक्सफर्ड-केंब्रिजचं, म्हणजे जमीनदाराची पोरं जिथे शिकायची तिथलंच, आणि बरेचसे पाद्री त्याच घरांतले धाकटे मुलगे. जेम्स वुडफर्ड या पाद्र्याची डायरी चाळा. नॉरफोकमधल्या वेस्टन लाँगव्हिलला 1776 पासून 1803 मध्ये मरेपर्यंत होता, जागा दिली ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजने, गावच्या जमीनदाराचा काडीचा संबंध नाही, तरी तिथल्या जमीनदार कस्टन्स मंडळींकडे जेवणं-खाणं, येणं-जाणं कायम. शिवाय कितीतरी पाद्री मॅजिस्ट्रेट होते, गावातल्या चोराला शिक्षा देणारा माणूस आश्रित कसा हो?

वाचनखोर:
मॅजिस्ट्रेटचं काढलंत ते बरं झालं. 1819 ला मँचेस्टरमध्ये पीटरलूला निःशस्त्र गर्दीवर घोडेस्वार घातले गेले, त्याचं समर्थन करण्यात पुढे असलेला मॅजिस्ट्रेट विल्यम हे (Hay, आडनाव) हा पाद्रीच होता आणि 1820 मध्ये त्याला रॉचडेलचं गलेलठ्ठ उत्पन्नाचं चर्च मिळालं. वरच्यांची कामं करा, बक्षीस घ्या.

कडू_कारलं:
रॉचडेल कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हातात होतं, कुठल्या जमीनदाराच्या नाही. तुमचा मुद्दा सरकार आणि चर्चच्या साटंलोट्याचा झाला, गावच्या पंगतीचा नाही.

सुपातले_जात्यातले:
तुम्ही दोघंही रेक्टरवरच अडकलायत. खरी राबणूक क्युरेटची, म्हणजे रेक्टरच्या जागी पगारावर काम करणाऱ्या दुय्यम पाद्र्याची. रेक्टर दोन-दोन गावांची कमाई खाणार, दुसऱ्या गावी वर्षाला 50 पौंडांच्या आसपास देऊन क्युरेट ठेवणार, 1813 मध्ये किमान पगाराचा कायदा करावा लागला तो उगाच नाही. आणि बायकांचं काय? घर हुद्द्याबरोबरचं, पाद्री गेला की नवा पाद्री राहायला येणार. जेनचे वडील जॉर्ज ऑस्टिन 1805 मध्ये वारले, त्यानंतर बायको आणि दोन मुली मुख्यतः मुलग्यांच्या मदतीवर. आयुष्यभर जमीनदारांच्या घरी नाचायला-जेवायला गेलेल्या मुली, आणि हातात स्वतःचं घर नाही! ही बरोबरी जर एका माणसाच्या श्वासावर टिकलेली असेल तर तिला बरोबरी का म्हणायचं?

गावगाडा_प्रेमी:
मला तर हे आपल्या ग्रामजोशासारखं वाटतं, गावाने धान्य द्यायचं आणि त्याने धर्मकार्य करायचं.

कडू_कारलं:
नाही हो, जोशाला गावाशी जुळवून घ्यावं लागायचं. इथे पाद्र्याला द्यायचा दशांश (पिकाचा दहावा भाग) कायद्याने देणं लागायचं, शेतकरी चर्चला फिरकला नाही तरी. आणि दहावा भाग म्हणजे ज्याने खत घालून, घाम गाळून पीक वाढवलं त्यालाच जास्त भुर्दंड. वुडफर्ड डिसेंबरात दशांश गोळा करायचा त्या दिवशी शेतकऱ्यांना भरपेट जेवण आणि दारू द्यायचा, उगाच नाही. 1830 च्या दंग्यांत मजुरांनी बऱ्याच ठिकाणी पाद्र्याच्या दारात जाऊन दशांश कमी करा म्हणून दम दिला आणि 1836 च्या कायद्याने तो धान्याऐवजी रोख झाला.

सुपातले_जात्यातले:
म्हणजे मजुरांच्या लेखी पाद्री जमीनदारांच्याच गोटातला. तिथे कडू_कारलं यांचं बरोबर. पण वाचनखोर, तुम्ही ज्या पंगतीबद्दल लिहिलंत तिथे क्युरेटला बोलवायचे का, तेवढं सांगा.

वाचनखोर:
बोलवायचे, पत्ते खेळायला चौथा गडी कमी पडला की.