आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय, असं तुम्ही म्हणताय. मग डिस्कला हात लावण्याआधी दोन दिवस मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवा. वायफाय, आवाज, टचपॅड बघालच, पण झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, तेही बघा. हे कुणी तपासत नाही आणि मग बोंब मारतं. (पेनड्राइव्हवर सगळं संथच चालतं, त्यावरून मत बनवू नका.)

या चर्चेत वर कुणीतरी 'फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा' असं सांगितलंय, कारण मात्र दिलेलं नाही. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवून एक प्रकारे झोपतं. मग लिनक्समधून विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरचं (डिस्कच्या विंडोजवाल्या भागावरचं) बहुधा फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. मी यापायी अख्खी संध्याकाळ फाइलींच्या परवानग्या तपासत बसलो होतो!

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. सिक्युअर बूटची (फक्त खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) सेटिंग बदलली की विंडोज ती ४८ अंकी की मागू शकतं. मिंटला जागा करायला विंडोजचं पार्टिशन लहान करायचं ते विंडोजमधूनच करा.

आणि घड्याळ चुकलं तर घाबरू नका. हार्डवेअरची वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

मिंट की उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) या वादात मी पडत नाही. मिंट उबुंटूवरच बेतलेलं आहे.