अ‍ॅडॅप्टिव्ह धडा: नियम आधी मॉडेलमध्ये, की थेट मूडलमध्ये?

आराखडेवाला
काल इथे एक लेख डकवला गेला. त्याचं सार असं: लर्निंग डिझाइनसारखी (धड्याची रचना संगणकाला वाचता येईल अशा मॉडेलमध्ये लिहिण्याची) मानकं संपली, त्यात मॉडेल करत बसू नका, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस (पान कोणाला दिसेल याची अट) लावा, टक्केवारीवर वाट वळवा, झाला धडा मुलागणिक वाट बदलणारा, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह. मानकं संपली की नाही यावर नंतर भांडू. टक्केवारीवर वाट वळवणं मात्र मुलांचं थेट नुकसान करतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अपूर्णांकांचा धडा घ्या. निदान चाचणीत ६ प्रश्न, ३ बेरजेचे आणि ३ लहानमोठेपणाचे. एक मुलगी १/२ + १/३ = २/५ लिहिते, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते. एक मुलगा १/८ हा १/४ पेक्षा मोठा ठरवतो, कारण ८ मोठा. दोघांना ५० टक्के. टक्केवारीचा नियम दोघांना एकाच उजळणीत बसवणार. तिला समच्छेद करायला शिकवायचं आहे, त्याला छेद म्हणजे एकाच पूर्णाचे किती वाटे हे दाखवायचं आहे. या दोन वेगळ्या शिकवण्या आहेत.

आयएमएस या ई-लर्निंगची मानकं बनवणाऱ्या संस्थेच्या लर्निंग डिझाइनमध्ये, त्याच्या लेव्हल बी वर (जिथे प्रॉपर्टी आणि अटी वापरता येतात), हे सरळ मांडता येतं. दोन लोकल-पर्सनल प्रॉपर्टी (प्रत्येक मुलासाठी वेगळी नोंद ठेवणारे रकाने) घ्या: बेरीज-गैरसमज आणि छेद-गैरसमज, दोन्ही पूर्णांक, सुरुवातीला ०. चाचणी क्यूटीआय या प्रश्न-चाचण्यांच्या मानकात असेल तर तिथल्या आउटकम व्हेरिएबलची (निकाल ठेवणाऱ्या चलाची) ओळख आणि प्रॉपर्टीची ओळख तंतोतंत एकच ठेवा, जोड तिथेच होते. मग कंडिशन: बेरीज-गैरसमज १ पेक्षा जास्त असेल तर समच्छेदाची अ‍ॅक्टिव्हिटी शो, नाहीतर हाइड. ३ पैकी १ चूक ही घाईची असू शकते. त्याच साच्याची चूक २ वेळा झाली तरच वळवा. उजळणीच्या अ‍ॅक्टिव्हिटी सुरुवातीला इजव्हिजिबल फॉल्स (न दिसणाऱ्या) ठेवायला विसरलात, तर चाचणीआधीच सगळं उघडं दिसेल.

आणि लर्निंग डिझाइन धडा नाटकासारखा प्ले आणि त्याच्या अंकांत, म्हणजे अ‍ॅक्टमध्ये, मांडतं. वैयक्तिक वाटा अ‍ॅक्टमध्ये टाकू नका. एका प्लेमधले अ‍ॅक्ट एकापाठोपाठ चालतात, आणि अ‍ॅक्ट संपण्याची अट रोल-पार्ट (एका भूमिकेला दिलेलं काम) पूर्ण होण्यावर ठेवली की त्या भूमिकेतल्या सगळ्यांची वाट बघितली जाते. एकाने धडा सोडला की अख्खा वर्ग अडकतो. अ‍ॅक्ट गटकामासाठी ठेवा आणि वेळेची मर्यादा घाला. एकट्याच्या वाटेसाठी अ‍ॅक्टिव्हिटी-स्ट्रक्चर (कामांचा क्रम किंवा निवड) वापरा.

मूडलकर
हे सगळं चालवणार कशावर? लर्निंग डिझाइन २००३ चं. नेदरलँड्सच्या मुक्त विद्यापीठातल्या ईएमएल या शैक्षणिक मॉडेलिंग भाषेतून आलं. कॉपरकोअर, रीलोड, रिकोर्स ही ते लिहायची-चालवायची साधनं प्रकल्पांच्या निधीवर उभी राहिली आणि निधीबरोबर थांबली. आयएमएस आता वनएडटेक झाली, तिचा जोर एलटीआय (बाहेरची साधनं जोडणं), क्यूटीआय आणि कॉमन कार्ट्रिज (सामग्री एका प्रणालीतून दुसरीत नेणं) यांसारख्या मानकांवर आहे. शिक्षिकेला सोमवारी वर्ग घ्यायचा असतो, तिला एक्सएमएल या खुणांच्या भाषेतली मॅनिफेस्ट (धड्याच्या रचनेची) फाइल देऊन काय उपयोग?

तुमचं उदाहरण मूडलमध्ये होतं. एका क्विझच्या दोन करा, बेरजेची वेगळी, लहानमोठेपणाची वेगळी. प्रत्येकीचा ग्रेड आयटम (गुणांची नोंद) स्वतंत्र. समच्छेदाच्या पानावर अट: बेरीज क्विझ ५० टक्क्यांपेक्षा कमी. अटीशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करा म्हणजे ज्याला गरज नाही त्याला ते पान करड्या अक्षरांतही दिसत नाही. १० मिनिटांचं काम आहे.

आराखडेवाला
क्विझ फोडल्याने विषय वेगळे झाले, गैरसमज नाही. १/२ + १/३ चं उत्तर कोणी २/५ दिलं आणि कोणी ४/६ दिलं, तर दोघांना शून्यच. दुसऱ्याने समच्छेद केला आहे, फक्त ३ + २ ची बेरीज चुकली. त्याला समच्छेद पुन्हा शिकवणं म्हणजे त्याचा वेळ खाणं.

शिवाय रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस ग्रेडबुकातला गुण बघतो. क्विझला हायेस्ट ग्रेड (सर्वांत चांगला प्रयत्न धरणं) लावली असेल तर मुलाने पुन्हा प्रयत्न केला की उजळणीचं पान अर्ध्यात गायब होतं. आणि एकही प्रश्न हाताने तपासायचा असेल तर तपासेपर्यंत गुणच नसतो. मग "५० पेक्षा कमी" ही अटही खोटी आणि "५० किंवा जास्त" हीसुद्धा. मुलासमोर रिकामं पान.

मूडलकर
गुणाऐवजी उत्तरावर वळवायचं तर मूडलचं लेसन मॉड्यूल आहे. प्रत्येक उत्तराला स्वतःचा जंप (पुढचं पान कोणतं याची नोंद) असतो. २/५ ला समच्छेदाचं पान, ४/६ ला बेरीज पडताळण्याचं पान. हायेस्ट ग्रेडचा मुद्दा खरा आहे, पण तो एका सेटिंगचा प्रश्न आहे. फर्स्ट अटेम्प्ट लावा.

आराखडेवाला
६ प्रश्न, प्रत्येकी ४ पर्याय, म्हणजे २४ जंप, २४ ठिकाणी विखुरलेले. नियम कुठेच एकत्र लिहिलेला नाही. दुसरी शिक्षिका तो तपासणार कसा? आणि जंप त्या एका उत्तरावर ठरतो. "तीच चूक दोनदा" हे मोजायला त्याच्याकडे जागा नाही.

स्कॉर्मपंथी
तुम्ही दोघंही स्कॉर्म २००४, म्हणजे धडे गठ्ठ्यात बांधून वेगवेगळ्या प्रणालींत चालवण्याचं मानक, विसरलात. दोन ऑब्जेक्टिव्ह (उद्दिष्टं) करा, मॅपइन्फो या नोंदीने ग्लोबल (सगळ्या धड्याला दिसणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हला जोडा. चाचणीच्या एससीओने (धड्याच्या स्वतंत्र तुकड्याने) प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचा सक्सेस स्टेटस (जमलं की नाही) लिहावा. उजळणीच्या एससीओवर प्रीकंडिशन: ऑब्जेक्टिव्ह सॅटिस्फाइड (साध्य) असेल तर स्किप. फ्लो (क्रमाने पुढे जाणं) चालू आणि चॉइस (मेनूतून निवड) बंद ठेवा, नाहीतर मूल मेनूतून हवं तिथे उडी मारतं. एससीओ बंद करणाऱ्या टर्मिनेटच्या आधी नॅव्हिगेशन रिक्वेस्टमध्ये कंटिन्यू लिहा.

यात सर्वांत जास्त वेळा फसते ती रोलअपची, म्हणजे तुकड्यांच्या निकालांतून अख्ख्या कोर्सचा निकाल काढण्याची गोष्ट. वगळलेला एससीओ पूर्णतेच्या हिशेबात अपूर्ण म्हणून धरला गेला की हुशार मुलाचा कोर्स कधीच पूर्ण दिसत नाही. रोलअप कन्सिडरेशन्समध्ये "इफ नॉट स्किप्ड" लावलंच पाहिजे. आणि पुन्हा प्रयत्न करवायचा असेल तर पोस्टकंडिशनमध्ये रिट्राय आहे. लर्निंग डिझाइनमध्ये एकदा पूर्ण झालेली अ‍ॅक्टिव्हिटी पुन्हा अपूर्ण करता येत नाही, हे आराखडेवाल्यांनी लिहिलं नाही.

मूडलकर
मूडलचा स्कॉर्म प्लेअर १.२ साठी आहे, २००४ चं सिक्वेन्सिंग (तुकड्यांचा क्रम ठरवणारे हे नियम) तो चालवत नाही. म्हणजे पुन्हा तेच, नियम उत्तम आणि चालवायला जागा नाही.

अक्षरजुळणी
मराठी माध्यमाच्या धड्यांत तुमच्या तिन्ही पद्धती नियमापर्यंत पोचतच नाहीत. मूल फोनच्या मराठी कीबोर्डवरून "५/६" लिहितं. फोनवरच्या ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन "५" ला संख्या मानत नाही. एक्सएमएल स्कीमाचा (एक्सएमएलमधल्या माहितीच्या प्रकारांच्या नियमांचा) पूर्णांक फक्त इंग्रजी अंक घेतो, त्यामुळे लर्निंग डिझाइनच्या पूर्णांक प्रॉपर्टीतही "५" बसत नाही. सर्व्हरवरचं पायथन मात्र तोच "५" आनंदाने वाचतो. म्हणून सर्व्हरवर चाचणी पास होते आणि मुलाच्या फोनवर उत्तर चूक ठरतं.

आराखडेवाला
मुद्दा महत्त्वाचा, पण हा इनपुटचा प्रश्न आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा.

अक्षरजुळणी
काढणार नाही. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला तुमची कंडिशन उजळणीत पाठवते, याहून मोठा अ‍ॅडॅप्टिव्हचा प्रश्न कोणता?

आकडे सोपे आहेत: देवनागरी आकड्यांच्या ०९६६ ते ०९६F या (सोळा-पायाच्या) युनिकोड क्रमांकांमधून, म्हणजे कोडपॉइंटमधून, ०९६६ वजा करा. शब्दांची गोष्ट अवघड. ॲ एकाच कोडपॉइंटनेही लिहिता येतो, आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. पडद्यावर सारखा दिसतो, पण एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एक करण्याची युनिकोडची पद्धत, हे दोन एक करत नाही, तक्ता तुम्हालाच ठेवावा लागतो. अदृश्य जोडचिन्हं, म्हणजे झेडडब्ल्यूजे, सरसकट गाळाल तर जास्त बिघडेल. "दऱ्या" हा शब्द र, हलन्त, झेडडब्ल्यूजे, य असा टंकलेला असेल तर गाळल्यावर तो "दर्या" होतो. डोंगरातल्या दऱ्या लिहिणाऱ्या मुलाला समुद्राचं उत्तर मिळालं. क्रम असा हवा: आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे चं ऱ-हलन्त करा, मग एनएफसी, मग उरलेली अदृश्य चिन्हं गाळा, आणि ॲ चा तक्ता सर्वांत शेवटी लावा.

स्कॉर्मपंथी
यात माझीही भर. स्कॉर्म १.२ मध्ये सस्पेंड डेटाला (अर्धवट धड्याच्या जतन केलेल्या नोंदीला) ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. काही ऑथरिंग साधनं तो मजकूर पर्सेंट-एन्कोड करून, म्हणजे प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरांत लिहून, ठेवतात. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, एन्कोड केल्यावर ९ अक्षरं. म्हणजे जेमतेम ४५५ चिन्हं मावतात, आणि मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. त्यापुढचा मजकूर तुटतो आणि मूल परत आलं की धडा पहिल्या पानापासून. तिथे मुलांची उत्तरं साठवूच नका, प्रश्नक्रमांक आणि पर्यायक्रमांक साठवा.

मूडलकर
आता या दुरुस्त्या लर्निंग डिझाइनच्या कंडिशनमध्ये कुठे लिहिणार, ते आराखडेवाल्यांनी सांगावं.

आराखडेवाला
लिहिता येत नाहीत. त्याच्या कॅल्क्युलेटमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच आहे, मजकुरावर काही करता येत नाही. प्रॉपर्टीला रिस्ट्रिक्शनचा पॅटर्न लावून चुकीचं रूप नाकारता येतं, बदलता येत नाही. सामान्यीकरण चाचणीच्या बाजूलाच व्हायला हवं, हे मान्य.

पण त्यामुळे मॉडेलमध्ये एक भर पडते, ती माझ्या पहिल्या मांडणीत नव्हती. उत्तर "बरोबर", "ओळखीची चूक" आणि "वाचता आलं नाही" असं तीन प्रकारचं धरायला हवं. तिसऱ्यासाठी वेगळी प्रॉपर्टी, आणि ती भरली तर उजळणी न दाखवता तोच प्रश्न पर्यायांसह दुसऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीत दाखवायचा. दुसरी अ‍ॅक्टिव्हिटी एवढ्यासाठी, की पहिली पूर्ण झाल्यावर मागे फिरवता येत नाही.

मूडलकर
म्हणजे नियम आधी एका तक्त्यात मांडायचे, हे मला पटतं. प्रश्न, अपेक्षित उत्तर, कोणत्या चुकीचा अर्थ काय, किती वेळा झाली तर कोणती उजळणी, वाचता न आल्यास काय. एवढे रकाने भरल्याशिवाय क्विझ उघडायची नाही, हे मी आमच्या गटात लागू करेन. एक्सएमएल लिहिणार नाही. तो तक्ता मूडलमध्ये हाताने उतरवणं मला परवडतं.

आराखडेवाला
२४ जंप हाताने उतरवताना एक चुकला तर तो कोण शोधणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मूडलकर
प्रत्येक ओळखीच्या चुकीसाठी एक खोटा विद्यार्थी तयार करायचा, तीच उत्तरं भरायची आणि तो कुठे पोचतो ते तक्त्याशी ताडायचं. चुका ४ असतील तर खाती ४, एक सगळं बरोबर लिहिणारं, आणि एक देवनागरी आकड्यांत लिहिणारं. शिक्षकाच्या खात्यातून "स्विच रोल टू" करून तपासू नका, त्यात विद्यार्थ्याला दिसतं तसं सगळं दिसेलच असं नाही.