उत्तर: आईबाबांची मेमरी टेस्ट आधी की गोळ्यांची पिशवी?

प्रेषक: आरोग्य समिती, ज्येष्ठ कट्टा

मंडळी, नमस्कार. पत्रकासाठी एकच प्रश्न. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि वर उदासी असलेले आईबाबा नावं विसरू लागले, हिशोबात चुकू लागले, तर लगेच मेमरी टेस्टला न्यावं का? फार्मसीवाल्या ताई आणि मानसोपचारवाले डॉक्टर, दोघांनी लिहावं ही विनंती.

----

प्रेषक: फार्मासिस्ट सभासद

टेस्ट घ्याच, पण आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करा. भारतातून आणलेली पाकिटंही त्यात हवीत. नाव नको, मागचे घटक वाचा. मधुमेहाच्या ‘ग्लायकोमेट जीपी’ला घरचे सर्रास ‘मेटफॉर्मिन’ म्हणतात, पण जीपीमध्ये ग्लिमेपिराइडही असतं. जेवण चुकलं की ते साखर खाली ओढतं. उदास माणसाची भूक मरते. पोळी अर्धी आणि गोळी मात्र पूर्ण. रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली की माणूस गोंधळतो, आणि त्या गोंधळात तीच गोळी पुन्हा घेतो. एकादशीलाही हीच गत. म्हणून बोलण्यात गोंधळ जाणवला की त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण अर्धा कप फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, ९११ला (तातडीच्या मदतीला) फोन लावा.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि त्यात शाकाहार असेल तर बी-१२ बघाच. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये अडकलं तर कमतरतेची खात्री करायला मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी मागा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) त्याच रक्तात होतं.

झोपेच्या ‘पीएम’ गोळ्यांतलं डायफेनहायड्रामिन, वारंवार लघवी होण्यावरचं ऑक्सिब्युटिनिन, जुनी अमिट्रिप्टिलिन: तिन्ही मेंदूतलं असिटिलकोलीन हे रसायन अडवतात, आणि स्मरणाला तेच लागतं. चिंतेवरचं अल्प्राझोलमही डोकं मंद करतं, पण ते एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरच मात्रा हळूहळू उतरवतात.

----

प्रेषक: मानसोपचारतज्ज्ञ सभासद

ताईंच्या यादीत सोडियम घाला. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असताना नैराश्यासाठी एसएसआरआय गटाची गोळी सुरू झाली, तर पहिल्या महिन्यात सोडियम घसरण्याचा धोका मोठा. घरी वाटतं, ‘गोळीने उदासी हटली नाही, उलट बावचळले.’ गोळी मनाने थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून रक्त तपासा.

आता मेमरी टेस्ट. मोका (MoCA) या स्मरण-विचारांच्या छोट्या चाचणीत ३० गुण, २६ किंवा जास्त म्हणजे ठीक. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. पाच शब्द सांगून काही मिनिटांनी विचारतात. नैराश्यात लक्ष आणि वेग आधी ढेपाळतात, शब्द आत असतो पण बाहेर येत नाही. ‘तो एक रंग होता’ असं सुचवलं की सापडतो. सुचवून आठवलेल्याला गुण नसतात, म्हणून एकूण आकड्यावर जाऊ नका. सुचवल्यावर किती आठवले ते विचारा. अल्झायमरमध्ये सुचवूनही सहसा हाती लागत नाही. पण मधुमेह-रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तरी चित्र नैराश्यासारखंच दिसतं, तेव्हा यावरून निदान उरकायचं नाही.

सोबत जीडीएस-१५ ही ज्येष्ठांच्या नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या. १५ प्रश्न, ५ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी हवी. (त्यात एक प्रश्न स्मरणशक्तीच्या तक्रारीचाच आहे, हे लक्षात असू द्या.) नैराश्य निघालं तर आधी त्याचे उपचार, मग तीनेक महिन्यांनी मोका पुन्हा, वेगळ्या शब्दांच्या आवृत्तीने. मन ताळ्यावर येऊनही गुण तिथेच असतील तर एमआरआय आणि सविस्तर चाचण्या. साठीनंतर पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर गुण सुधारले तरी पाठपुरावा सोडू नका. कधी ती डिमेन्शियाचीच सुरुवात असते.

काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बदल झाला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी.

----

प्रेषक: फार्मासिस्ट सभासद

डॉक्टर, एक राहिलं. टेस्टला जाताना कानाचं यंत्र आणि चष्मा लावूनच न्या. आणि रुग्णालयाकडे आधीच मराठी दुभाषी मागा. शेजारी बसलेली लेक भाषांतर करता करता उत्तरही सुचवून जाते.