प्रोजेक्ट चालला पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) तोंड उघडलं नाही. 'करून शिकणं' म्हणजे नक्की काय करायचं?

पाटीकोरी:
सेकंड इयरला आहे. आमच्याकडे आता प्रत्येक सेमिस्टरला एक काहीतरी बनवायचंच असतं, लेक्चर कमी आणि लॅब जास्त. मी झाडाला आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, आर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, छोटा पंप. व्हिडिओ बघून वायरी जोडल्या, कोड एआयकडून लिहून घेतला, डेमोला एकदम मस्त चाललं. मग सरांनी पंपाजवळच्या डायोडवर बोट ठेवून विचारलं हा इथे कशाला? मी गप्प. दुसरा प्रश्न, कोडमध्ये ५०० का लिहिलंय? परत गप्प. मार्क बरे पडले पण घरी आल्यावर वाटलं की मी फक्त जुळवणी केलीये, शिकलो काहीच नाही. तुम्ही लोक कसं करता?

कथील_आणि_धूर:
अरे लाजू नकोस, सगळ्यांची सुरुवात अशीच. पहिल्यांदा चालणारा प्रोजेक्ट फार काही शिकवत नाही, बंद पडणारा शिकवतो. तो डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) काढला तर काय होईल ते आधी कागदावर लिही आणि मगच शोध. पंपाच्या मोटरमध्ये कॉइल असते, तिचा करंट अचानक तोडला की ती उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज मारते आणि तो थेट ट्रान्झिस्टरवर, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचवर जातो. डायोड त्या करंटला फिरायला वाट देतो. गंमत म्हणजे डायोड नसला तरी ट्रान्झिस्टर लगेच उडेलच असं नाही, दहा वेळा चालेल आणि अकराव्यांदा मरेल, म्हणूनच माणूस फसतो. डेमोत चाललं यावर म्हणून माझा काडीचा विश्वास नाही.

फळा_ते_लॅब:
मी शिकवतो, तर दुसरी बाजू सांगतो. 'बनवता बनवता माणूस शिकतो' ही कल्पना काही आजची नाही, गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट १९६० च्या दशकापासून मुलांच्या हाती कॉम्प्युटर देऊन हेच सांगत होते. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९८ मध्ये नील गर्शनफेल्ड यांनी '(जवळपास) काहीही कसं बनवायचं' असा कोर्स सुरू केला तर इंजिनिअरिंगवाल्यांबरोबर कलाकार, आर्किटेक्टही दारात उभे. हौस सगळ्यांना असते हो, घोडं अडतं ते मार्क कसे द्यायचे यावर. चौघांच्या ग्रुपमध्ये एक जण सगळं करतो, दुसरा पीपीटी, उरलेले दोघे फोटोत. मी वैतागून पद्धत बदलली. आता दर आठवड्याला वहीत एक पान, काय केलं, काय फसलं, पुढे काय बदलणार. आणि डेमोच्या दिवशी मी गुपचूप एक वायर काढून ठेवतो आणि ग्रुपमधल्या कुणाही एकाला म्हणतो शोध. ज्याने हात लावलाय तो मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र) उचलतो, बाकीचे एकमेकांकडे बघतात. निम्मे मार्क तिथेच ठरतात.

आधी_गणित:
थोडं विरोधात बोलतो. थिअरीशिवाय नुसतं करत बसलं तर ते अंधारात दगड मारणं आहे. ५ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा तर त्यावर साधारण २ व्होल्ट जातात, उरले ३, करंट कमी करणारा रेझिस्टर २२० ओहमचा घेतला तर ३ भागिले २२० म्हणजे साधारण १३.६ मिलीअँप. दोन ओळींचं गणित! ते न करता 'सगळे २२० लावतात' म्हणून लावणारे मी रोज बघतो. आणि तुझं ते ५०० एआयला कुठून कळणार, त्याने तुझी माती बघितलीय का? सेन्सरचं माप बोर्ड ० ते १०२३ मध्ये आकडा म्हणून देतो. कोरड्या मातीत किती येतो, ओल्या मातीत किती येतो, स्वतः मोज आणि ज्याच्या वर गेलं की पंप सुरू व्हावा तो मधला आकडा तूच ठरव.

पाटीकोरी:
मोजलं! कोरडी माती ८५० च्या आसपास, पाणी घातल्यावर ३८०, म्हणजे माझा ५०० चुकीचाच होता, पंप गरजेपेक्षा जास्त चालत होता 😅 आणखी एक झालं, पंप सुरू झाला की कधीकधी बोर्ड रिसेट होतो. डेमोत एकदाही झालं नव्हतं. दोन संध्याकाळी कोड शोधत बसलो, कोडमध्ये काहीच नव्हतं. शेवटी मल्टिमीटर लावला तर पंप सुरू होताना ५ व्होल्ट धाडकन खाली. पंपाला वेगळी बॅटरी दिली, ग्राउंड (वजा बाजूची वायर) मात्र एकच ठेवलं, तेव्हा थांबलं. वहीत लिहिलंय. आता नवीन लफडं, आठवड्यातच सेन्सरची एक पट्टी हिरवट पडून झिजलीये, दुसरी ठीक. हे का?

कथील_आणि_धूर:
सांगणार नाही 😄 सेन्सरला सप्लाय दिवसभर चालू आहे की फक्त मोजतानाच, एवढं बघ आणि इथे येऊन तूच सांग.